सत्तेचाळीस नंबरवरची शिट्टी

श्रावण गजभिये भित्रा माणूस होता, हे मी आधीच सांगून टाकते. मागून कोणी म्हणायला नको की मालतीबाईनं लपवलं. आमच्या पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ते मेकॅनिक होते आणि मी ऑपरेटर. अकरा वर्षं एका छताखाली काम केलं. त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात नोकरीची ऑर्डर असायची, घडी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पावसाळा लागला की तिच्यावर दुसरी पिशवी चढायची. खांबावर चढले तरी ती खिशात, डबा खायला बसले तरी खिशात. बोलता बोलता हात खिशावर जायचा, कागद आहे की नाही ते चाचपायचा आणि मग पुढचं वाक्य निघायचं.

मी काही गप बसणारी नाही. "श्रावणभाऊ, पळून नाही जाऊन राहिली ती," मी म्हणायची. "बसा शांत."

ते हसायचे. एकदा मात्र म्हणाले, "बाई, तुम्हाले मोहगावले संत्र्याचा बगीचा आहे. माह्याजवळ एवढा कागद आहे."

खरंच होतं ते. त्यांचे वडील चिंधूजी तिगावकडे दुसऱ्याच्या कपाशीत राबून म्हातारे झाले. घरातली पहिली सरकारी नोकरी ही. ऑर्डर आली तेव्हा चिंधूजींनी ती तिगावच्या स्टेशनमास्तरांकडून दोनदा वाचून घेतली होती आणि दोन्ही वेळा उभं राहून ऐकली होती. मग माणूस भिणार नाही तर काय करणार? साहेब लोक मागून काय बोलतात तेही त्यांच्या कानावर होतं. दुसऱ्याची चूक झाली तर चूक, यांची झाली तर "म्हणूनच हे लोक असे." हे मी माझ्या कानानं ऐकलं आहे, नाव सांगत नाही.

या भीतीनं त्यांचं एक नुकसान केलं होतं. त्यांना नाही म्हणता यायचं नाही. कोणी काही सांगितलं की तोंडातून निघायचं, "होते साहेब." होत असो की नसो. हात मात्र भित्रे नव्हते. तारा, रिले, जुने रेडिओ, काहीही द्या, ते हात कुठं चाचरत नसत. मेलेला टेलिफोन त्यांनी टेबलावर घेतला की आम्ही ऑपरेटर बाया पैज लावायचो, दुपारपर्यंत बोलेल की चहापर्यंत.

आता अठ्ठ्याऐंशी सालचं सांगते. सौंसर रोडवर एक सूतगिरणी होती, आमच्या बोर्डावर तिचा नंबर सत्तेचाळीस. तिथं त्या साली कॉम्प्युटर आला. त्याच्यावर युनिक्स नावाची सिस्टीम चालायची, असं तिथला कॉम्प्युटरवाला वसंत सांगायचा. हा वसंत नागपूरहून कोर्स करून आलेला, सरळ माणूस. मालकांच्या मनात होतं की गिरणीचा रोजचा रिपोर्ट टेलिफोनच्या तारेतून नागपूरच्या ऑफिसला जावा. त्यासाठी कॉम्प्युटर आणि टेलिफोनच्या मधे एक डबा लागतो, मोडेम म्हणतात त्याला. तो कॉम्प्युटरचं बोलणं शिट्टीत बदलतो, आणि पलीकडचा डबा शिट्टीचं परत बोलणं करतो. मालकाच्या जावयानं असे दोन डबे विदेशातून आणले. एक नागपूरला लावला, तिथं चालला. एक इथं आला, आणि इथल्या कॉम्प्युटरनं त्याला ओळखच दाखवली नाही. कॉम्प्युटर देणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. म्हणाला, हा डबा आमच्या यादीत नाही, आमचं मशीन याला चालवणार नाही, आमची जबाबदारी नाही. चहा प्याला आणि दुपारच्या गाडीनं गेला.

श्रावणभाऊ त्याच दिवशी गिरणीत रिसीव्हरची दोरी बदलायला गेले होते. मॅनेजरनं त्यांना डबा दाखवला. "काय गजभिये, होईल का तुझ्याच्यानं?"

"होते साहेब," श्रावणभाऊ म्हणाले.

पुढची गोष्ट त्यांना रस्त्यात आठवली. खात्याच्या लाईनवर बाहेरची वस्तू परवानगीशिवाय लावायची नाही, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. ते सायकल वळवून परत गेले आणि विचारलं, "साहेब, परवानगी?" मॅनेजर म्हणाला, अर्ज दिला आहे, येऊन जाईल. कसला अर्ज आणि कसलं काय. पण उलट विचारायची हिंमत यांच्यात कुठून यावी?

मग नऊ दिवस ते ड्यूटी सुटली की गिरणीवर. मला यातलं काही माहीत नव्हतं. एक्सचेंजात कोणालाच नव्हतं. त्यांनी बायकोला, पंचफुलेलाही सांगितलं नाही. हे सगळं मला मागून वसंतानं सांगितलं. डबा एकशे दहा व्होल्टचा, आपल्या भिंतीत दोनशे तीस. श्रावणभाऊंनी एका जुन्या विदेशी रेडिओचा ट्रान्सफॉर्मर काढून त्याला लावला. बटण दाबताना त्यांनी डोळे मिटले होते म्हणे. मग डब्याचं सील तोडून आत पाहिलं. सील तोडताना हात खिशावर गेला, मग डब्यावर, मग परत खिशावर. मागच्या प्लगात पंचवीस टाचण्या. त्यातल्या एकाच तारेवर डबाही बोलायचा आणि कॉम्प्युटरही, आणि दोघंही दुसऱ्या तारेवर कान लावून बसायचे. मग ऐकणार कोण? त्या दोन तारांची त्यांनी अदलाबदल केली. त्याच्या पुढं दुसरंच झेंगट. कॉम्प्युटर म्हणे लाईन आली असं डबा सांगेल तेव्हाच मी दार उघडीन, आणि डबा म्हणे तू आधी दार उघड. श्रावणभाऊंनी एक बोटभर तार जोडून कॉम्प्युटरला खोटंच सांगितलं की लाईन आली आहे. वसंतानं आपल्या बाजूनं युनिक्सच्या एका फाईलीत दोन ओळी बदलल्या. तिसऱ्या दिवशी पडद्यावर अक्षरं आली. ज्याला यादीत जागा नव्हती तो डबा बोलायला लागला. वसंत म्हणे खुर्चीवरून उठून नाचला. श्रावणभाऊ म्हणाले, "आता बंद करा, कोणी पाहीन."

पण दिवसा वसंत रिपोर्ट पाठवायला बसला की तो काही जाईना. पूर्ण जायला अकरा मिनिटं लागत होती आणि लाईन मधेच तुटायची. कधी तीन मिनिटांनी, कधी साडेचार. तुटली की सगळं पहिल्यापासून. त्यांना वाटलं डबा तापतो, म्हणून त्याच्यावर टेबलफॅन लावला. तरी तुटायची. तार बदलली, तरी तुटायची. मंगळवारी मॅनेजरनं त्यांना उभं केलं. म्हणाला, "गुरुवारी शेठ येऊन राहिले. त्यांच्यासमोर रिपोर्ट गेला पाहिजे. नाही गेला तर मी तुझ्या साहेबांना लिहून देतो, की तुमच्या मेकॅनिकनं विनापरवानगी लाईनवर डबा लावला, सील तोडलं आणि बिघडवला."

यांनी यावरही म्हटलं असेल, होते साहेब.

बुधवारी सकाळी ते माझ्या बोर्डाखाली येऊन बसले. बोर्डावर कॉल जोडायच्या दोऱ्या झिजतात, त्या बदलणं त्यांचं काम होतं. मला वाटलं कामाला आले. ते आले होते लाईन कुठं तुटते ते पाहायला, आणि वसंताला सांगून आले होते की अकराला कॉल बुक कर. चेहरा असा होता की मी विचारलंही, "ताप आहे का श्रावणभाऊ?" ते नाही म्हणाले.

सत्तेचाळीसचा कॉल आला. नागपूर जोडून दिलं. नागपूरला बोलायला आमच्याकडं दोनच लाईनी, रांग लागलेली, म्हणून तीन मिनिटं झाली की मधे कान देऊन विचारायचं, वाढवायचं का? तो नियम. मी की उघडली. की म्हणजे बोर्डावरचा छोटा खटका, तो उघडला की आम्हाला लाईनवरचं ऐकू येतं आणि आमचं त्यांना. कानात ती शिट्टी. "पाहा मेली, परत गाऊन राहिली," मी म्हटलं, आणि दोरी ओढून काढली.

यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा. उन्हाळ्यात आमची नागपूरची लाईन खरोखर अशी शिट्टी मारायची. लाईन गाते म्हणायचो आम्ही. गायला लागली की बोलणाऱ्यांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही, आणि आमच्या मोठ्या कुसुमबाईंनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, गाणारी लाईन ठेवायची नाही, दोरी ओढायची आणि पुन्हा लावून द्यायची. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. ही आम्हा बोर्डावरच्या बायांची चाल. मेकॅनिकला ती माहीत असायचं कारण नाही. आठवडाभर मी सत्तेचाळीसवर रोज उपकार करत होते, आणि मनात म्हणत होते की गिरणीवाले तक्रार कशी करत नाहीत.

श्रावणभाऊ बोर्डाखालून बाहेर आले. "बाई, रोज असंच करता?"

"मग काय करू? गाणारी लाईन पूजून ठेवू?"

ते खालीच बसले. मग सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात, दाराकडं पाहत पाहत. शेजारच्या खोलीत आमचे सुपरवायझर वामनराव बसायचे. सांगताना श्रावणभाऊंनी हातातली दोरी दोनदा उलटी जोडली. ज्या हातांना मी कधी चाचरताना पाहिलं नव्हतं, ते हात.

मला असा राग आला. "नऊ दिवस? अहो, पहिल्या दिवशी मले सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी झालं असतं. मी काय वाघ आहे का?"

"भेव वाटला बाई."

"कोणाचा? माझा?"

"सगळ्याईचाच."

मग मी म्हटलं, आणि हे नीट ऐका, कारण हे मीच म्हटलं. "उद्या मी की उघडत नाही. अकरा काय, वीस मिनिटं राहू द्या. कोणी आलं तर मी आहे ना. वामनरावांना मी सांगते काय सांगायचं ते. तुम्ही नका भिऊ." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला लाजच वाटली. एवढ्या भरवशानं माझ्याकडं घरच्यांनीही कधी पाहिलं नाही.

गुरुवारी अकराला शेठ गिरणीत येऊन बसले होते. वसंत तिकडं कॉम्प्युटरपाशी, श्रावणभाऊ इकडं माझ्या बोर्डाशेजारी स्टुलावर, हातात उगाच एक स्क्रूचा पेचकस. मी कॉल जोडला. वसंत नागपूरशी दोन शब्द बोलला, मग दोन्हीकडच्यांनी बटणं दाबली, शिट्टी आली. मी की बंद केली.

तीन मिनिटं झाली आणि माझा हात आपोआप वर गेला. अकरा वर्षांची सवय. मी तो हात मांडीखाली दाबून धरला. चार झाली. दुसऱ्या लाईनीवर सौंसरचा संत्र्यांचा व्यापारी बोलत होता, तिसरा एक जण अर्जंट म्हणून ओरडत होता, त्याला मी थांबायला सांगितलं. पाच झाली. श्रावणभाऊ घड्याळाकडं बघत नव्हते, दाराकडं बघत होते. त्यांच्या कपाळावरचा घाम कानाजवळून ओघळत होता आणि तो पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी हसून दाखवलं. हसले, पण नजर माझीही दाराकडंच गेली. त्यांच्याजवळ बसून मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस रोज काय घेऊन हिंडतो.

सातव्या मिनिटाला वामनराव आले.

तो अर्जंटवाला दुसऱ्या टेलिफोनवरून त्यांच्याकडं ओरडला होता. ते सरळ बोर्डापाशी आले, माझ्या समोरची कॉलची चिठ्ठी उचलली, तिच्यावरची वेळ पाहिली. "मालतीबाई, हे सत्तेचाळीस सात मिनिटांपासून आहे. विचारलं का?"

मी तोंड उघडलं. काय सांगायचं ते मी आदल्या दिवशी पक्कं केलं होतं. लाईनवर मोठे शेठ आहेत, त्यांनी वाढवून मागितलं आहे. एवढंच वाक्य. ते आलं नाही.

"की उघडा," वामनराव म्हणाले. मी हललेच नाही. तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून कानाला लावला आणि स्वतःच हात पुढं केला. की उघडली असती, ते नुसतं हॅलो म्हणाले असते, तरी सगळं गेलं असतं.

श्रावणभाऊंनी आपला पंजा त्या कीवर ठेवला.

"उघडू नका साहेब," ते म्हणाले. "त्याच्यावर गिरणीचा डबा आहे. परवानगी नाही. मी लावला."

वामनरावांना आधी समजलंच नाही. या माणसानं त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, समोर खुर्चीवर बसलाही नव्हता. "हात काढ," ते म्हणाले.

"चार मिनिटं साहेब. मंग काढतो." एक हात कीवर तसाच ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं खिशातून ती पिशवी काढली. दातानं गाठ सोडली. ऑर्डर काढून बोर्डावर, वामनरावांच्या समोर ठेवली. घड्यांवर कागद फाटत आला होता. "हे ठेवून घ्या. पण आता उघडू नका."

वामनराव वाईट माणूस नव्हते. नियमाचे होते. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं वळले. "बाई, तुम्हाला हे माहीत होतं?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. श्रावणभाऊंकडं नाही पाहिलं.

"नाही साहेब," मी म्हटलं.

असं झालं ते. मी, जिची जीभ सगळ्या एक्सचेंजला ठाऊक होती. मोहगावला बगीचा असलेली मी. नोकरी गेली असती तर माझ्या घरची चूल काही विझली नसती. तरी त्या एका घडीत मला असा भेव वाटला की पायाखालची जमीन जाते की काय, आणि तोंडातून जे निघालं ते निघालं. श्रावणभाऊंनी ते ऐकलं. त्यांचा पंजा कीवरून हलला नाही. बाकीची चार मिनिटं आम्ही तिघं तसेच उभे होतो, म्हणजे ते दोघं उभे आणि मी बसलेली, मान खाली घालून. मग गिरणीवाल्यांनी टेलिफोन ठेवला आणि बोर्डावरचा दिवा लागला. रिपोर्ट पूर्ण गेला होता. श्रावणभाऊंनी हात उचलला.

ऑर्डर वामनरावांनी फाईलला लावली. श्रावणभाऊ सस्पेंड झाले. चौकशीत गिरणीच्या मॅनेजरनं लिहून दिलं की आम्ही कोणाला काही सांगितलं नव्हतं, याच माणसानं स्वतः हौसेनं केलं. मीही लिहून दिलं, मला काही माहीत नव्हतं, आणि खाली सही केली. वसंतानं एकट्यानं खरं लिहिलं, पण तो गिरणीचा नोकर, त्याचं कोण ऐकतं? पाच महिन्यांनी श्रावणभाऊंना परत घेतलं आणि लोधीखेड्याला पाठवलं. तिथूनच ते रिटायर झाले.

पण त्या पाच महिन्यांच्या मधे, दिवाळी झाल्यावर, मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. बुद्धविहाराच्या मागं दोन खोल्या. घरच्या बगीच्यातले संत्रे घेऊन गेले, रिकाम्या हातानं कसं जावं म्हणून. तोंडानं काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, तेही नीट पाठ केलं होतं. श्रावणभाऊ दारात एका शेजाऱ्याचा रेडिओ उघडून बसले होते. मला पाहून उठले, खुर्ची पुसली. बोलता बोलता त्यांचा हात खिशावर गेला, तिथं काही नव्हतं, आणि तो हात तिथंच थोडा वेळ राहिला. नोकरी परत मिळते की नाही ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. पंचफुला चहा घेऊन आली. डोळे खोल गेले होते तिचे. ती माझ्यासमोरच खाली बसली.

"बाई, त्या रोजी तुम्ही तिथंच होत्या ना?" तिनं विचारलं. "हे तर काहीच सांगत नाहीत. यांच्या बाजूनं कोणीच नाही का बोललं?"

माझ्या हातात कप होता. मी तोंड उघडलं.

"बाई तवा चहा प्याले गेल्या होत्या," श्रावणभाऊ म्हणाले, आणि रेडिओवर वाकले. "त्या असत्या तर बोलल्या असत्या."

पंचफुलेनं मान डोलावली. म्हणाली, घ्या बाई, थंडा होऊन राहिला. मी तो चहा प्याले.